मधला खिळा

"काय बघतीस एवढं डोळे फोडून?" अण्णांनी विचारलं.

रात्रीचे साडेनऊ झाले होते. बाहेर पावसाची झड लागलेली. मी टॅबवर एक पान मोठं करून बघत होते. पोलिश संगीतकार शोपँच्या हातचं पान, आता वॉर्साच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असलेलं. ओपस (म्हणजे रचनाक्रमांक) २८, चोवीस प्रिल्यूड्स, पियानोच्या छोट्या रचना. त्यातल्या एका स्वरापाशी मी अडकले होते, खरं तर स्वरावरच्या एका चिन्हापाशी. समोर दोन छापील पुस्तकं उघडी होती. एकात त्या जागी नखाच्या टोकाएवढं चिन्ह, डावीकडे उघडं आणि उजवीकडे मिटलेलं. म्हणजे अ‍ॅक्सेंट. या स्वरावर आघात करा. दुसऱ्या पुस्तकात तेच चिन्ह ताणून पुढच्या स्वरांवर पसरलेलं. म्हणजे डिमिन्युएंडो. आवाज हळूहळू उतरवा. एक पुस्तक सांगतंय ठोका दे, दुसरं सांगतंय हात आवर. आणि शोपँने स्वतः काढलेलं चिन्ह या दोन्हींच्या मधल्या लांबीचं.

हे मी अण्णांना सांगितलं तसं ते उठले, कपाटातून भिंग काढलं, धोतराच्या सोग्याला पुसलं आणि माझ्या शेजारी येऊन बसले.

अण्णा आता ८१ वर्षांचे आहेत. सांगलीच्या खणभागात आमचा छापखाना होता. दोन ट्रेडल छपाईयंत्रं, भिंतीला लावलेल्या खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, केसेस, लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, हळदीच्या अडत्यांची बिलं, गणेशोत्सवाची पत्रकं. एक पैसाही संगीतातून आलेला नाही. पण उलटं अक्षर सुलटं वाचणारे डोळे त्यांना तिथंच मिळाले, आणि ते अजून शाबूत आहेत. मी त्याच छापखान्यातून पुढं डीटीपी आणि मुद्रितशोधन करायला लागले, आजही तेच करते. म्हणजे चिन्ह चुकलं की माझी झोप जाते, हा घरचाच वारसा.

त्यांनी आधी हस्तलिखित बघितलं. मग मी त्यांना जुन्या छापील आवृत्तीचं स्कॅन दाखवलं, एकोणिसाव्या शतकातलं. भिंग काचेवर टेकवून ते बराच वेळ गप्प होते.

"हे बारकं आहे ना," ते म्हणाले, "हा ठसा आहे. हे इथलं आणि हे खालच्या ओळीतलं बघ. कोन तोच, जाडी तीच. एकाच ठशानं मारलंय. आणि हे लांब जे आहे ते हत्यारानं ओढलंय. वरची रेघ आणि खालची रेघ सारखी नाही. हात हललाय थोडा."

मी म्हटलं, "हो, तांब्यासारख्या पत्र्यावर कोरायचे ते." (तांबं नव्हे, कथील-शिशाचा मऊ मिश्रधातू असायचा, हे मी नंतर त्यांना दुरुस्त करून सांगितलं.)

"मग झालं की," अण्णा म्हणाले. "त्याच्याकडं मधला खिळा नव्हता."

गेली सहा वर्षं मी पियानो शिकतेय आणि या चिन्हांबद्दल जे मिळेल ते वाचतेय. विद्वानांच्या प्रस्तावना वाचल्या, भाष्यं वाचली. पण प्रश्न इतक्या कमी शब्दांत कोणी मांडलेला मी पाहिला नव्हता. म्हणून हे लिहायला बसले.

त्या काळी युरोपात संगीत छापायचं म्हणजे धातूच्या पत्र्यावर सगळं पान उलटं, आरशात दिसेल तसं तयार करायचं. पाच रेघा पाच दातांच्या हत्याराने ओढायच्या. स्वरांची डोकी, शार्प-फ्लॅटच्या खुणा, अक्षरं, यांचे पोलादी ठसे असायचे, ते हातोडीनं मारायचे. छोट्या अ‍ॅक्सेंटचाही ठसा. पण स्वरसमूहांवरच्या कमानी आणि डिमिन्युएंडोच्या लांब चिमट्या, ज्यांना हेअरपिन म्हणतात, त्या दर वेळी वेगळ्या लांबीच्या. त्यांचा ठसा करणार कसा? त्या कोरणीने हातानेच ओढायच्या. म्हणजे हस्तलिखितात एखादं चिन्ह दिसलं की कोरणाऱ्याला पहिला निर्णय घ्यावा लागायचा तो हत्याराचा. ठसा उचलू की कोरणी? ठसा उचलला की ते चिन्ह आघात झालं. कोरणी उचलली की ते उतरण झालं. शोपँची चिन्हं मात्र अनेकदा ना इतकी आखूड ना इतकी लांब. कागदावर टाक फिरवताना हाताला अशी सक्ती नसते. हात हवा तेवढा थांबतो.

आमच्या छापखान्यात हे रोज व्हायचं. मराठीत 'ऱ्य' आणि 'र्य' या दोन वेगळ्या चीजा आहेत. 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, 'दर्या' म्हणजे समुद्र. आमच्याकडच्या एका जुन्या केसमध्ये तो आडव्या मिशीसारखा अर्धा र पुरेसा नव्हता. आठ-दहा खिळे असतील. ते संपले की कंपोझिटर रफाराचा खिळा लावून मोकळा व्हायचा. मी सातवी-आठवीत असताना एका समारंभाची पत्रिका आमच्याकडे आली होती. कितीतरी वर्षं गावजेवण रांधणाऱ्यांचा सत्कार होता. 'आचाऱ्यांचा सत्कार' असं मजकुरात होतं, छापून गेलं 'आचार्यांचा सत्कार'. ती माणसं अण्णांना येऊन म्हणाली, आयुष्यभर चुलीपुढं उभं राहिल्याबद्दल आमचं नाव निघणार होतं, तेच तुम्ही पुसलंत. अण्णांनी सगळ्या पत्रिका स्वखर्चानं पुन्हा छापल्या आणि पुण्याहून तो खिळा शेरभर मागवला. हे सांगताना अजूनही त्यांचा आवाज बसतो. कंपोझिटरने निष्काळजीपणा केला नव्हता. त्याच्यापुढं जे घर होतं त्यात जे होतं ते त्यानं लावलं. अर्थ मात्र दुसऱ्याच माणसाचा झाला.

शोपँच्या बाबतीत हे एकदा नाही, तीन-तीनदा व्हायचं. तेव्हा एका देशातला प्रकाशनहक्क दुसऱ्या देशात चालत नसे, म्हणून तो आपली रचना पॅरिस, लायपझिग आणि लंडन अशा तीन ठिकाणी जवळपास एकाच वेळी छापायला द्यायचा. तीन प्रकाशक, तीन कोरणारे. तिघांपुढं ठेवलेला कागदही एक नसे. प्रिल्यूड्सचंच घ्या. १८३९ च्या जानेवारीत शोपँ मायोर्का बेटावर वाल्देमोसाच्या मठात आजारी होता. तिथून त्यानं हस्तलिखित पॅरिसला मित्राकडे, युलियान फोंतानाकडे पाठवलं. फोंतानाने त्याची नक्कल केली. मूळ प्रतीवरून फ्रेंच आवृत्ती निघाली, फोंतानाच्या नकलेवरून जर्मन. इंग्लिश आवृत्ती फ्रेंचवरून. अर्पणपत्रिकासुद्धा सारखी नाही. फ्रेंच प्रत कामी प्लेयेल या पियानो बनवणाऱ्याला अर्पण केलेली, जर्मन प्रत केस्लर या संगीतकाराला.

आता विचार करा. शोपँने एक चिन्ह काढलं. नक्कल करताना फोंतानाच्या हातून ते किंचित आखडलं. लायपझिगच्या कोरणाऱ्यानं नकलेतलं आखडलेलं चिन्ह बघून ठसा उचलला. पॅरिसच्या कोरणाऱ्यानं मूळ बघून कोरणी उचलली. पुढच्या पिढीतल्या संपादकानं दोन्ही प्रती समोर ठेवून स्वतःचं तिसरंच काहीतरी ठरवलं. त्या संपादकाचं पुस्तक पुनर्मुद्रित होत होत दीडशे वर्षांनी सांगलीत माझ्या टेबलावर आलं. माझ्याकडच्या दोन पुस्तकांचं भांडण म्हणजे एवढ्या हातांचा प्रवास. दोन्ही पुस्तकं खोटं बोलत नाहीत, पण दोन्हीकडे मधला खिळा नाही.

असंच चिन्हांचं एक भांडण मी लहानपणी आपल्याकडंही पाहिलं होतं. आमच्या पेटीच्या सरांकडे पलुस्कर पद्धतीच्या स्वरलिपीचं पुस्तक होतं. परीक्षेला भातखंडे पद्धत. पलुस्करांच्या लिपीत खालीची खूण अधिक चिन्हासारखी. भातखंड्यांच्या लिपीत समेची खूण फुलीसारखी. घाईनं पेन्सिलीनं लिहिलेलं असलं की फुली आणि अधिक यात फरक तो काय! पण एकात ती सम आणि दुसऱ्यात खाली. म्हणजे तालातली सगळ्यात भरीव जागा आणि सगळ्यात पोकळ जागा. दहा वर्षांची असताना मी एकदा अख्खी बंदिश उलटी बसवली होती आणि सर तबल्यावर ठेका धरून माझ्याकडे बघत राहिले होते.

या चिन्हाच्या बाबतीत संगीतकार शुबर्टचं दुखणं शोपँपेक्षा जुनं आणि जास्त अवघड. तो फार भरभर लिहायचा. ३१ वर्षांचं आयुष्य, १८२८ मध्ये गेला, आणि लिहून ठेवलेल्याचा ढीग. त्याच्या हातातून आघाताचं चिन्ह निघायचं तेच मुळी लांबलचक. सी मेजरमधल्या त्याच्या मोठ्या सिंफनीचा शेवटचा सूर घ्या. सगळा वाद्यवृंद एकत्र येतो तिथं हस्तलिखितात हे चिन्ह आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्याच्या सगळ्या रचनांची समग्र आवृत्ती निघाली. तीत सिंफन्यांचं संपादन संगीतकार ब्राम्सकडे होतं. तिच्यात हे चिन्ह डिमिन्युएंडो म्हणून गेलं. त्यामुळं पिढ्यान् पिढ्या ती प्रचंड सिंफनी शेवटच्या सुरावर मावळत गेली. आज बरेचजण तो आघात मानतात आणि सूर शेवटपर्यंत भरलेला ठेवतात. दोन्ही प्रकारची रेकॉर्डिंग्ज ऐकायला मिळतात. एका चिन्हाच्या लांबीनं तासभराच्या संगीताचा शेवट बदलतो. मी दोन्ही ऐकून पाहिली आणि मला आघातच पटतो. इतकं चालून आल्यावर कोणी दारातून मागं फिरत नाही.

पियानोसाठीच्या त्याच्या रचनांत आणखी एक गुंता असतो. जी-फ्लॅटमधलं ते सुप्रसिद्ध इम्प्रॉम्प्टू त्यानं १८२७ मध्ये लिहिलं. छापून आलं १८५७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर २९ वर्षांनी, आणि तेही प्रकाशकानं स्वरपट्टी बदलून. जी-फ्लॅटचं जी करून, काळ्या पट्ट्यांचा त्रास नको म्हणून. जो माणूस अख्खी पट्टी सरकवतो तो नखाएवढ्या चिन्हाला काय जपणार?

माझ्या टीचर मिरजेत राहतात. सत्तरी ओलांडलेली आहे. लहानपणापासून चर्चमध्ये ऑर्गन वाजवत आल्या. पुढच्या खोलीत त्यांचा जुना उभा पियानो. पावसाळ्यात त्याच्या दोन पट्ट्या दमटपणानं बसतात आणि उठत नाहीत, त्या बोटानं उचलाव्या लागतात. रविवारी दुपारी मी बसनं जाते. माझ्या घरी डिजिटल पियानो आहे, त्यावर सराव होतो. पण आघात म्हणजे काय ते टीचरांच्या पियानोवरच कळतं. तिथं चूक लाकडातून परत बोटात येते.

आघाताशी माझी झुंज सुरुवातीपासूनची आहे, त्याचं कारण पेटी. पेटीवर पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच. जोर सगळा भात्यात. म्हणजे पेटीवाल्याच्या उजव्या हाताला जोराची जाणीवच नसते, ती डाव्या हातात असते. उलट पेटीचा सूर धरून ठेवला तर भात्यानं तो वाढवता येतो, फुगवता येतो. पियानोचं बरोबर उलट. हातोडी तारेवर आदळली त्या क्षणी जे झालं ते झालं. त्यानंतर सूर फक्त विझत जातो. तुम्ही काहीही करा, तो पुन्हा वाढत नाही.

हे कळलं तेव्हा मला त्या चिन्हाबद्दलची एक साधी गोष्ट उमगली. पियानोवर एकाच लांब स्वरावर डिमिन्युएंडो लिहायची गरजच काय? तो तर आपोआप होतो. मग एकट्या स्वरावर असं उतरतं चिन्ह दिसलं तर लिहिणाऱ्याच्या मनात उतरणीपेक्षा सुरुवातीचं वजन असणार. टीचरांना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. पण म्हणून हाणू नकोस."

हाणायचं नाही तर काय करायचं? इथं मला यान एकिएरचा आधार वाटतो. पोलंडचा हा पियानोवादक शोपँच्या राष्ट्रीय आवृत्तीच्या कामात १९५९ पासून होता. ते काम २०१० मध्ये पुरं झालं. माणूस १९१३ चा, २०१४ मध्ये गेला, वयाच्या शंभराव्या वर्षी. एवढं आयुष्य एका संगीतकाराच्या कागदांवर! त्यानं काय केलं, तर मधला खिळा पाडला. त्या आवृत्तीत आखूड अ‍ॅक्सेंट वेगळा छापलेला असतो, डिमिन्युएंडो वेगळा, आणि लांब अ‍ॅक्सेंट वेगळा. लांब अ‍ॅक्सेंट म्हणजे भावाचा आघात, असं तो समजावतो. जोर नेहमीच्या आघातापेक्षा जरा जास्त काळ राहतो. बारीक स्वर असतील तर दोन-तीन स्वरांवर पसरतो. इतकं साधं. पण छापील पानावर ते दिसायला दीडशे वर्षांच्या वर लागली.

ती आवृत्ती महाग आहे. मी एक खंड घेतला, तोही दोन महिने थांबून.

चिन्ह समजणं वेगळं, बोटांत येणं वेगळं. टीचरांनी मला एक अभ्यास दिला. ई मायनर प्रिल्यूडची सुरुवात घे म्हणाल्या. वाजवायला सोपं, म्हणून जगभर नवशिके वाजवतात. (शोपँच्या अंत्यविधीला पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये ऑर्गनवर हे वाजलं होतं. टीचर ते विसरू देत नाहीत.) उजव्या हाताला जवळजवळ काहीच नाही. ई ला षड्ज मानला तर नुसता पंचम आणि कोमल धैवत. प, मग ध, पुन्हा प, मग ध. लांब प, आखूड ध. खाली डावा हात एकसारखे स्वरसमूह वाजवत अर्ध्या-अर्ध्या स्वरानं उतरत जातो. टीचर म्हणाल्या, छापलेलं बाजूला ठेव. पहिल्यांदा त्या कोमल धैवतावर आखूड आघात कर. मग तिथून आवाज उतरव. मग तिसऱ्यांदा लांब आघात कर.

पहिल्यांदा धैवत कुणीतरी चिमटा काढल्यासारखा आला. दुसऱ्यांदा ओळ सुरेख उतरली पण धैवत कुठं गेला कळलंच नाही. तिसऱ्यांदा जमेना. चारदा, पाचदा, सहादा. मी जोर कमी-जास्त करून बघत होते. मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि धैवतावर जाण्याआधी क्षणभर मागं ओढलं. क्षणभर म्हणजे अगदी श्वासाएवढं. धैवत उशिरा आला, थोडा रेंगाळला, आणि मग पंचमाला सोडून दिला. जोर मी मुळीच वाढवला नव्हता. तरी तो स्वर सगळ्यात जड वाटला.

म्हणजे लांब आघात हा बराचसा काळाचा आघात आहे. हे मला मिरजेत कळायला इतका वेळ लागायला नको होता. अब्दुल करीम खाँसाहेब इथंच राहिले, इथल्या दर्ग्यात दर वर्षी त्यांच्या नावानं गाणं होतं. त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांत एखादा कोमल स्वर किती अलगद लागतो आणि किती खोल जातो ते लहानपणापासून ऐकतेय. कुठंही ठोका नाही. स्वराला आधी वाट बघायला लावलेलं असतं, मग त्याला राहू दिलेलं असतं.

चार्ल्स हॅले या पियानोवादकानं शोपँची एक आठवण लिहून ठेवली आहे. शोपँ माझुर्का हा पोलिश नाच वाजवायचा तेव्हा त्याला तीन मात्रांच्या चालीत चार मात्रा ऐकू यायच्या, कारण शोपँ बारच्या (तालखंडाच्या) पहिल्या स्वरावर इतका रेंगाळायचा. हॅलेनं बोलून दाखवलं, शोपँ मानेना. शेवटी हॅलेनं मोठ्यानं चार मोजून दाखवलं तेव्हा शोपँ हसला, म्हणाला, या नाचाचा स्वभावच तसा आहे. संगीतकार मायरबेअरशी याच कारणावरून त्याचं चांगलंच वाजलं होतं, तिथं तो हसला नाही. ब्राम्सबद्दल पियानोवादक फॅनी डेव्हिसनंही असंच नोंदवलं आहे. कमी-जास्तीची चिमटी जिथं असायची तिथं ब्राम्स नुसता आवाज वाढवत-उतरवत नसे, तो तिथं रेंगाळायचा, एका स्वरावरच नव्हे तर अख्ख्या कल्पनेवर, जणू तिचं सौंदर्य सोडून पुढं जाववत नाही. दोन वेगळी माणसं, दोन वेगळी शहरं, आणि चिन्ह आवाजाइतकंच वेळाचं.

पण याचा अर्थ प्रत्येक चिन्हावर रेंगाळत सुटायचं असा घेतला तर सगळं वाजवणं लोळागोळा होईल. मी हे करून पाहिलंय. एक महिनाभर मला जिथं तिथं लांब आघात दिसत होते. टीचर एक शब्द बोलल्या नाहीत. नुसतं मला ए-फ्लॅट मेजरमधलं सतरावं प्रिल्यूड काढायला सांगितलं, वाजवायला नव्हे, वाचायला. त्याच्या शेवटी खालचा ए-फ्लॅट पुन्हा पुन्हा येतो, अकरा वेळा, जोराच्या खुणेसह. वरचं सगळं मात्र हळू हळू मिटत चाललेलं. कागद बघितला तर वाटतं, वरचं मंद होतंय तर खालचाही मंद करावा. पण शोपँची शिष्या मादाम द्युब्वा हिनं पियानोवादक पादेरेव्स्कीला सांगितलं होतं की शोपँ तो खालचा स्वर शेवटपर्यंत त्याच जोरानं वाजवायचा. जुन्या गढीतलं घड्याळ अकराचे टोले देतंय, आणि घड्याळाला आवाज उतरवणं माहीत नसतं. इथं रेंगाळणं नाही, उतरणं नाही. टोला म्हणजे टोला.

हे कागदावरून मला कधीच कळलं नसतं. सांगणारा कान लागला, आणि तो कान शोपँच्या खोलीत बसलेला होता. द्युब्वा आणि जेन स्टर्लिंग या शिष्यांच्या पुस्तकांवर शोपँच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, ती पुस्तकं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपली आहेत. तिथं आणखी एक पेच. शोपँने सगळ्यांना एकच खूण करून दिलेली नाही. समोरच्याच्या हाताप्रमाणे तो बदल सुचवायचा. त्याचा ए-फ्लॅटमधला एक वॉल्ट्झ, आता ओपस ६९ क्रमांक १ म्हणून छापतात तो, त्यानं तिघींना स्वतःच्या हातानं लिहून भेट दिला. पहिली प्रत १८३५ मधली, मारिया वोद्झिन्स्काला. तिन्ही प्रती एकसारख्या नाहीत. त्याच्या मृत्यूनंतर १८५५ मध्ये फोंतानानं तो छापला तो आणखी चौथ्याच रूपात. आपलं न छापलेलं जाळून टाका असं शोपँ सांगून गेला होता, ते फोंतानानं ऐकलं नाही. बरं झालं, असं मी म्हणते. पण मग खरा वॉल्ट्झ कोणता हा प्रश्न विचारायची हिंमत होत नाही.

म्हणून 'मूळ संहिता' असं मुखपृष्ठावर छापलं की सगळे प्रश्न मिटले असं मानणारे लोक मला पटत नाहीत. आणि 'कसंही वाजवा, मनाला वाटेल तसं' म्हणणारे तर त्याहून नाहीत. आधी सगळे कागद बघावेत. कोणत्या हातानं लिहिलं, कोणी नक्कल केली, कोणी ठसा मारला ते शोधावं. आज ते फुकट बघायला मिळतं, घरबसल्या, सांगलीत पावसात बसून. अण्णांच्या पिढीला एक प्रूफ बघायला प्रेसपर्यंत भिजत जावं लागायचं. एवढं सगळं समोर असताना आळस केला तर तो त्या लिहिणाऱ्याचा अपमान आहे.

आमच्या केसेस आता नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी दुकानात शिरलं. उतरल्यावर बघितलं तर लाकडी घरं फुगून उखडलेली, खिळे गाळात. अण्णांनी ते धुवायचा प्रयत्न केला, दोन दिवस अंगणात घमेलं घेऊन बसले होते. शेवटी शिशाच्या भावानं गेले. तेवढे 'ऱ्य'चे खिळे मात्र त्यांनी वेचून एका डबीत ठेवले आहेत. ती डबी भिंगाशेजारीच असते.

त्या रात्री मी त्यांना ई मायनरची पहिली ओळ तीन तऱ्हांनी वाजवून दाखवली. हेडफोन काढून, आवाज बारीक करून. पियानो त्यांचा प्रांत नाही, नाट्यगीतं ऐकत मोठे झाले. पहिल्या तऱ्हेला मान हलवली नाही. दुसरीलाही नाही. तिसरीला म्हणाले, "परत." मी परत वाजवलं. "ह्याला लिहायचं कसं पण?" त्यांनी विचारलं.

मी पेन्सिल घेतली. वहीतल्या पाच रेघांवर तो कोमल धैवत काढला आणि त्याच्यावर चिन्ह काढलं, हस्तलिखितात दिसतं तसं, ना आखूड ना लांब. अण्णांनी भिंग लावून पाहिलं.

"जरा लांब झालं," ते म्हणाले.

मी खोडलं आणि पुन्हा काढलं.